प्लूझानेला पहिल्यांदा जाताना

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रेस्त या मोठ्या बंदराला लागून, प्लूझाने नावाचे सुमारे १३ हजार वस्तीचे गाव आहे. पर्यटकांच्या यादीत हे नाव सहसा नसते. तरीही महाराष्ट्रातून दरवर्षी काही मुले-मुली शिक्षणासाठी वा संशोधनासाठी तेथे जातात आणि मागाहून त्यांचे आईवडील भेटीला निघतात. माझी मुलगी तेथील एका संस्थेत सागरविज्ञानाचे काम करीत असताना आम्ही उभयता दोनदा, एकदा मे महिन्यात आणि एकदा सप्टेंबरात, तेथे जाऊन राहिलो. पहिल्या खेपेस आमचे पुष्कळ दिवस चुकीच्या पत्त्यांत, चुकलेल्या बसमध्ये आणि बंद दुकानांसमोर गेले. दुसऱ्या खेपेस तेच गाव फार सुखाचे वाटले, कारण बसची वेळ, दुकानांची वेळ आणि समुद्राची वेळ या तिन्ही वेळा पाळायला आम्ही तोवर शिकलो होतो. आपल्यावर तशी पाळी येऊ नये म्हणून हे टप्पे क्रमाने लिहीत आहे.

१. गाव नेमके कोणते, हे आधी पक्के करा

ब्रिटनीत, म्हणजे फ्रान्सच्या या पश्चिमेकडच्या प्रांतात, ‘प्लू’ने सुरू होणारी गावे कितीतरी आहेत: प्लूझाने, प्लूगास्तेल, प्लूआर्झेल, प्लूगोन्व्हेलँ. तेथल्या ब्रेतॉन भाषेत ‘प्लू’ म्हणजे एका चर्चच्या आधाराने वसलेला गाव-परगणा. त्यामुळे नावाचा पहिला तुकडा ऐकून काहीच ठरत नाही. खरी गफलत मात्र शेजारच्या गावाशी होते. प्लूझानेच्या पश्चिमेला लोकमारिया-प्लूझाने नावाचे वेगळे गाव आहे आणि त्याची नगरपालिकाही वेगळी आहे. पहिल्या वेळी आम्ही नावातील ‘प्लूझाने’ एवढेच पाहून खोली ठरवली आणि ती निघाली लोकमारियात. गाव सुंदर होते, समुद्रही जवळ होता, पण मुलीच्या संस्थेपर्यंत पोहोचायला दररोज इतका वेळ जाई की चौथ्या दिवशी आम्ही मुक्काम हलवला. घर ठरवण्यापूर्वी नकाशावर त्याचे ठिकाण पाहा आणि २९२८० हा पिन कोड दोन्ही गावांना लागू असल्यामुळे केवळ त्याच्यावर विसंबू नका.

याच्या उलट गफलतही होते. आयएमटी आत्लांतिक ही अभियांत्रिकी संस्था, इफ्रमेर ही राष्ट्रीय सागर-संशोधन संस्था आणि विद्यापीठाची सागरी संस्था या तिन्हींचा पत्ता कागदोपत्री पुष्कळदा ‘ब्रेस्त’ असा असतो. प्रत्यक्षात त्या प्लूझानेच्या हद्दीतील तेक्नोपोल या परिसरात, समुद्राच्या वरच्या पठारावर आहेत. मुलाच्या प्रवेशपत्रावर ब्रेस्त लिहिले आहे म्हणून ब्रेस्तच्या मध्यावर हॉटेल घेणारे पालक मी पाहिले आहेत. हॉटेल वाईट नसते, पण भेटीसाठी रोज तासाभराची ये-जा पदरी पडते.

गावाला मध्यवस्त्याही दोन आहेत. जुन्या चर्चभोवतीच्या वस्तीला ‘बूर’ म्हणतात. दुसरी वस्ती ला त्रिनिते, ती ब्रेस्तच्या बाजूला आहे. तेक्नोपोलला जायचे असेल तर ला त्रिनितेच्या आसपास राहणे सोयीचे पडते, असा माझा अनुभव आहे.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आयएमटी आत्लांतिक ही संस्था २०१७ मध्ये दोन संस्था एकत्र होऊन बनली. त्यांपैकी प्लूझानेतील जुन्या दूरसंचार संस्थेत क्लोद बेरू यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ‘टर्बो कोड’ शोधून काढले आणि १९९३ मध्ये जगापुढे मांडले. संदेशात वाटेत शिरलेल्या चुका दुरुस्त करण्याची ही पद्धत पुढे थ्रीजी आणि फोरजी मोबाइल सेवेत वापरली गेली. त्या साध्या, झाडांत लपलेल्या इमारतींसमोरून जाताना मला याचे फार अप्रूप वाटत असे.

२. महिना निवडा

ब्रेस्तच्या परिसरात वर्षाला साधारण १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या जवळपास निम्मा. पण मुंबईचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तर येथला बारा महिन्यांत वाटून पडतो. बहुतेक वेळा तो भुरभुर स्वरूपाचा असतो आणि त्याला तेथे ‘क्राशँ’ म्हणतात. सोबत वारा असल्यामुळे छत्रीचा उपयोग होत नाही. ती पहिल्याच आठवड्यात उलटून मोडते.

माझ्या मते मे, जून आणि सप्टेंबर हे उत्तम महिने आहेत. ऑगस्टमध्येसुद्धा दुपारचे तापमान सहसा २०–२१ अंशांच्या आसपास राहते, पण फ्रेंच लोकांच्या सुट्ट्यांमुळे तेव्हा घरभाडे वाढते आणि संस्थांमधील माणसे गावी गेलेली असतात. प्लूझाने इतके पश्चिमेला असूनही घड्याळ मात्र पॅरिसचे चालते, त्यामुळे जूनअखेर सूर्य रात्री सव्वादहानंतर मावळतो आणि डिसेंबरात सकाळी नऊपर्यंत उगवत नाही. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण सकाळी आठला अंधारात बसथांब्यावर उभे राहणे आपल्या अंगवळणी नसते.

३. व्हिसाची तयारी

९० दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी शेंगेन अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. अर्ज फ्रान्सच्या अधिकृत संकेतस्थळावर भरायचा आणि कागद मुंबई, पुणे किंवा आपल्या सोयीच्या अन्य केंद्रावर समक्ष द्यायचे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निकाल नियमाप्रमाणे १५ दिवसांत अपेक्षित असला, तरी उन्हाळ्याच्या हंगामात भेटीची वेळ मिळण्यातच आठवडे जातात. २०२४ च्या जूनपासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे.

सोबत ठेवायचे कागद असे:

– पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि किमान दोन कोरी पाने असलेला
– ३५ × ४५ मिलिमीटर मापाची अलीकडची छायाचित्रे
– किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास-विमा, जाण्यायेण्याचे दिवस धरून
– जाण्या-येण्याच्या विमान-आरक्षणाची प्रत
– बँकेचे गेल्या काही महिन्यांचे विवरण आणि प्राप्तिकर विवरणपत्र
– नोकरी असल्यास रजेचे पत्र, निवृत्त असल्यास निवृत्तिवेतनाचा कागद
– राहण्याच्या ठिकाणाचा पुरावा

शेवटचा कागद सर्वांत जास्त घोळ घालतो. हॉटेलात किंवा भाड्याच्या घरात राहणार असाल तर आरक्षण पुरते. मुलाच्या वा नातेवाइकाच्या घरी राहणार असाल तर यजमानाने तेथील नगरपालिकेतून ‘आतेस्तास्याँ दाकॉय’ नावाचे निवास-प्रमाणपत्र घ्यावे लागते. नगरपालिकेला तेथे ‘मेरी’ म्हणतात. घर प्लूझानेत असेल तर प्लूझानेच्याच मेरीत जावे लागते. संस्थेच्या पत्त्यावर ब्रेस्त आहे म्हणून ब्रेस्तच्या मेरीत गेलात तर ते परत पाठवतात. यजमानाला आपला राहण्याचा परवाना, भाडेकरार, उत्पन्नाचा पुरावा आणि ३० युरोंचा मुद्रांक द्यावा लागतो. अर्ज नामंजूर झाला तरी हे ३० युरो परत मिळत नाहीत. प्रमाणपत्राची मूळ प्रत टपालाने भारतात मागवावी लागते आणि प्रवासात ती हातातल्या पिशवीत ठेवावी लागते, कारण विमानतळावर सीमा-अधिकारी ती पाहू शकतात.

एका खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला दोन पालकांसाठी असे प्रमाणपत्र मिळणे अवघड असते, कारण पाहुण्यांना नीट राहता येईल एवढी जागा आहे का, हे मेरी तपासते. अशा वेळी आग्रह न धरता सरळ वेगळी जागा भाड्याने घ्यावी. मुलाच्या मनावरचा ताणही त्यामुळे कमी होतो.

हाती पुरेसे पैसे आहेत हे दाखवतानाही राहण्याच्या प्रकाराप्रमाणे फरक पडतो. निवास-प्रमाणपत्र असल्यास माणशी दिवसाला ३२.५० युरो आणि हॉटेलचे आरक्षण असल्यास ६५ युरो धरले जातात. हिशोब करून बँकेत तेवढी रक्कम आधीच काही महिने राहू द्या. अर्जाच्या आठवड्यात एकदम भरलेले पैसे शंका निर्माण करतात.

४. सामान भरताना

येथे मी आपल्या लोकांची मने मोडणार आहे, पण सांगणे भाग आहे. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने मांसाचे किंवा दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे पेढे, बर्फी, घरचे तूप, खवा हे काहीही नेऊ नये. ताज्या फळ-भाज्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, म्हणून मुलीसाठी जपून बांधलेली हापूसची पेटी आणि कढीलिंबाची जुडी दोन्ही विमानतळावरच राहू शकतात. या नियमातून फक्त पाच फळे वगळली आहेत: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. नारळ चालतो हे कळल्यावर मला फार समाधान वाटले होते. गोडा मसाला, हिंग, कोकम, मेतकूट, भाजणी आणि तेलातले लोणचे नीट बंद करून आणि नाव लिहून न्यावे. मसूर डाळ, तांदूळ, हरभरे आणि मैदा तेथल्या कोणत्याही मोठ्या दुकानात मिळतात; त्यांचे ओझे वाहू नका.

कपड्यांत टोपी असलेले, वारा आणि पाणी दोन्ही अडवणारे जाकीट सर्वांत महत्त्वाचे. त्याच्याखाली लोकरीचा पातळ सदरा आणि पायात न घसरणारे, घोट्यापर्यंतचे बूट. साडी नेसणाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या चालीसाठी सलवार किंवा पँट बरोबर ठेवावी, कारण वारा आणि काटेरी झुडपे दोन्ही साडीला सोसवत नाहीत. नेहमीची औषधे पुरेपूर घ्यावीत आणि डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ रासायनिक नावासह इंग्रजीत लिहून घ्यावी. विजेचा दोन गोल पिनांचा बारीक प्लग तेथे चालतो, आपला तीन पिनांचा चालत नाही.

५. पॅरिसहून ब्रेस्त

भारतातून येणारी विमाने पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरतात आणि ब्रेस्तची जलद रेल्वे मोंपार्नास स्थानकातून सुटते. ही दोन ठिकाणे शहराच्या दोन टोकांना आहेत. विमानतळावरून आरईआर ‘बी’ या लोकलने दांफेर-रोशरोपर्यंत जावे आणि तेथे ४ किंवा ६ क्रमांकाची मेट्रो घेऊन मोंपार्नासला उतरावे. सामान, जिने आणि गर्दी धरून दीड तास लागतो. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर पहिल्यांदा येणाऱ्यांच्या बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे रांगेचा अंदाज बांधता येत नाही. विमान उतरण्याची वेळ आणि रेल्वे यांत किमान पाच तास ठेवा. तेवढे जमत नसेल तर पॅरिसमध्ये एक रात्र काढणे अधिक शहाणपणाचे.

पॅरिस ते ब्रेस्त प्रवास साधारण साडेतीन तासांचा आहे. २०१७ मध्ये वाटेतल्या रेन शहरापर्यंतचा जलद मार्ग सुरू झाल्यापासून तो एवढा कमी झाला. तिकीट जितके लवकर काढाल तितके स्वस्त पडते.

येथे दोन ठिकाणी चूक होते. पहिली म्हणजे पश्चिमेकडच्या पुष्कळ गाड्या दोन गाड्या जोडून सोडतात आणि रेनला त्या वेगळ्या होतात. एक भाग ब्रेस्तला आणि दुसरा कँपेरला जातो. दोन्ही भागांच्या मधून आत जाता येत नाही. म्हणून तिकिटावरचा डबा क्रमांक फलाटावरच जुळवून पाहा आणि त्याच डब्यात चढा. दुसरी चूक वेळेची. दारे सुटण्याच्या वेळेआधी दोन मिनिटे बंद होतात आणि नंतर उघडत नाहीत. सामानावरही मर्यादा आहे: माणशी दोन मोठ्या बॅगा आणि हातातली एक लहान. प्रत्येक बॅगेवर नावाची चिठ्ठी असावी लागते.

रेनच्या पुढे गाडी मोर्लेच्या उंच दगडी पुलावरून जाते, तेव्हा खिडकीतून खाली पसरलेले शहर दिसते.

६. ब्रेस्तहून प्लूझाने

ब्रेस्त स्थानकातून बाहेर पडल्यावर लिबर्ते चौक चालत दहाएक मिनिटांवर आहे. तेथून २०१२ मध्ये सुरू झालेली ट्रामची ‘ए’ मार्गिका पश्चिमेकडे जाते आणि तिचा शेवटचा थांबा ‘पोर्त द प्लूझाने’ आहे. या नावाने फसू नका. पोर्त म्हणजे दरवाजा. हा थांबा गावाच्या वेशीकडे नेणारा असला तरी तो ब्रेस्तमध्येच आहे आणि प्लूझानेची वस्ती पुढे काही किलोमीटरवर आहे. सामान घेऊन येथे उतरून ‘पोहोचलो’ म्हणणाऱ्यांना पुढे बस पकडावी लागते.

बस आणि ट्राम दोन्ही ‘बिबुस’ या एकाच जाळ्याच्या आहेत आणि तिकीटही एकच चालते. कोणत्या क्रमांकाची बस हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मार्ग बदलत राहतात आणि जुना क्रमांक धरून बसणे हेच चुकीचे ठरते. निघण्याच्या आदल्या दिवशी बिबुसच्या ॲपवर थांब्याचे नाव घालून पाहा. बसथांब्यावर नुसते उभे राहिल्यास बस थांबेलच असे नाही. ती दिसताच हात दाखवावा, चढताना चालकाला ‘बोंजूर’ म्हणावे, तिकीट यंत्राला लावावे आणि उतरताना ‘मेर्सी’ म्हणावे. उतरणारी शाळकरी मुलेसुद्धा मागच्या दारातून मोठ्याने ‘मेर्सी’ म्हणतात आणि तो आवाज मला अजून आठवतो.

रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बसगाड्या फार कमी असतात. १ मे हा आपला महाराष्ट्र दिन. फ्रान्समध्ये तो कामगार दिन म्हणून इतका काटेकोर पाळतात की दुकाने आणि पुष्कळ ठिकाणी बससेवाही बंद राहते. त्या दिवशी येण्याजाण्याचा बेत करू नका.

७. गावात रुळताना

दुकानात, औषधालयात, मेरीत, कोठेही प्रश्न विचारण्याआधी ‘बोंजूर मादाम’ किंवा ‘बोंजूर मस्यू’ म्हणावे आणि क्षणभर थांबावे. आपण घाईने सरळ कामाचे बोलतो आणि ते त्यांना उद्धट वाटते. हा एक शब्द म्हटल्यावर तुटक्या फ्रेंचमध्येही सगळी कामे होतात, हे मी खात्रीने सांगू शकते.

लहान दुकाने दुपारी जेवणासाठी बंद होतात आणि रविवारी दुपारनंतर जवळजवळ सर्वत्र शांतता पसरते. शनिवारी संध्याकाळपर्यंत भाजी, दूध आणि पाव घरात असू द्या. उपाहारगृहांत जेवण साधारण १२ ते २ आणि संध्याकाळी ७ नंतरच मिळते. तीन वाजता भूक लागली तर बेकरीचाच आधार.

शाकाहारी मंडळींनी ‘क्रेपरी’कडे, म्हणजे धिरड्यांच्या उपाहारगृहाकडे, वळावे. तेथे मिळणारे गालेत पाहून आपल्या कोकणातल्या घावनाची आठवण होते; मात्र ते तांदळाचे नसून ‘ब्ले न्वार’चे, म्हणजे उत्तर भारतात उपवासाला खातात त्या कुट्टूच्या पिठाचे असते. सर्वत्र मिळणाऱ्या ‘गालेत काँप्लेत’मध्ये अंडे, चीज आणि डुकराच्या मांसाचा काप असतो. ‘साँ जाँबों’ म्हटल्यास मांस वगळतात. पण तवा पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीने पुसण्याची चाल अजून काही ठिकाणी आहे, तेव्हा कडक शाकाहारी असाल तर तवा लोण्याने पुसतात का, हे विनयाने विचारा. लोणी तेथे मिठाचेच खातात. त्याच मिठाच्या लोण्याचा आणि साखरेचा थरांचा केक ‘क्विन-आमान’ एकदा तरी खाऊन पाहावा, तोही गरम असताना आणि वाटून घेऊन, कारण तो फार जड असतो.

रस्त्यांवरच्या पाट्या फ्रेंच आणि ब्रेतॉन अशा दोन भाषांत असतात. ब्रेतॉन ही फ्रेंचची बोली नव्हे. ती वेल्शच्या कुळातील केल्टिक भाषा आहे, हे लक्षात ठेवल्यास तेथल्या वृद्धांशी बोलताना चुकीचा शब्द तोंडून जाणार नाही. ‘केर’ म्हणजे घर किंवा वाडी, ‘पेन’ म्हणजे टोक, ‘तीकेर’ म्हणजे नगरपालिका. जिल्ह्याचे फ्रेंच नाव फिनिस्तेर, म्हणजे भूमीचा शेवट. ब्रेतॉन नाव मात्र पेन-आर-बेद, आणि त्यातल्या ‘पेन’चा अर्थ डोके असाही होतो. एकाच किनाऱ्याला एक भाषा शेवट म्हणते आणि दुसरी शिरोभाग.

अचानक आजारपण आल्यास १५ किंवा ११२ हा क्रमांक फिरवावा. मोठे सरकारी रुग्णालय, काव्हाल ब्लांश, ब्रेस्तच्या पश्चिम बाजूलाच असल्यामुळे प्लूझानेहून जवळ पडते.

८. समुद्राकडे जाण्यापूर्वी भरती-ओहोटीचे पत्रक वाचायला शिका

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण येथे चूक झाली तर ती नुसत्या गैरसोयीची राहत नाही.

मुंबई-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या माणसाला भरती-ओहोटी नवी नाही, पण येथली फार मोठी आहे. मुंबईला उधाणाच्या वेळी पाणी ४–५ मीटर चढते-उतरते. ब्रेस्तला साधारण उधाणाच्या दिवशी सुमारे ६ मीटर आणि विषुवाच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याच्या दिवसांच्या, आसपास त्याहूनही जास्त. भरतीचे मान फ्रान्सभर २० ते १२० अशा अंकाने सांगतात आणि त्याला ‘कोएफिस्याँ’ म्हणतात. हा अंक ब्रेस्तच्या पाण्यावरूनच ठरवतात, म्हणून प्लूझानेत तो जसाच्या तसा लागू पडतो. अंक १०० असेल तर पाण्यात सुमारे ६.१ मीटरांचा फरक पडतो. ४५ च्या आसपास असेल तर ती आपली भांगाची भरती समजावी, ९५ च्या वर असेल तर उधाण.

पत्रक औषधालयात, वृत्तपत्राच्या दुकानात किंवा पर्यटन कार्यालयात मिळते. ते वाचताना एका अक्षरजोडीने आम्ही फसलो होतो. पत्रकात ‘पीएम’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ दुपारनंतर असा नसून ‘प्लेन मेर’, म्हणजे पूर्ण भरती. ‘बीएम’ म्हणजे ‘बास मेर’, पूर्ण ओहोटी. वेळा २४ तासांच्या घड्याळात असतात. त्या उन्हाळी वेळेप्रमाणे दिल्या आहेत की नाहीत, हेही पत्रकाच्या पहिल्या पानावर पाहून घ्या, कारण एका तासाचा फरक पडू शकतो.

पाणी सारख्या गतीने चढत नाही. ओहोटीनंतर पहिल्या तासात ते एकूण वाढीच्या बाराव्या हिश्शाने वाढते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्या तासात तीन-तीन हिश्शांनी, आणि मग पुन्हा मंदावते. म्हणजे अंक १०० च्या दिवशी मधल्या दोनच तासांत पाणी तीन मीटर चढते. वाळूवर बसलेल्या माणसाला पाणी पुढून येताना दिसते, पण त्याच वेळी ते खडकांच्या मागच्या खोलगटीत शिरलेले असते. खडकांवर शिंपले पाहायला गेलात तर पूर्ण ओहोटीच्या वेळेपूर्वी तास-दीड तास जावे आणि ती वेळ होताच परत फिरावे.

घरी पंचांग पाहणाऱ्यांना एक गोष्ट सोपी जाईल. येथे उधाण पौर्णिमेला किंवा अमावास्येला न येता सुमारे दीड दिवसाने, म्हणजे साधारण प्रतिपदा-द्वितीयेला, पूर्ण जोरावर येते. त्या दिवसांत पूर्ण ओहोटी दुपारी बारा-एकच्या सुमारास पडते. किनारा सर्वांत मोकळा आणि सर्वांत दूरवर उघडा पाहायचा असेल तर तेवढेच दिवस निवडा.

आता प्रत्यक्ष चाल. ब्रिटनीच्या किनाऱ्याने जीआर ३४ नावाची सुमारे २,००० किलोमीटरची पायवाट जाते. चोरटा व्यापार रोखण्यासाठी जकातीचे शिपाई जिच्यावर गस्त घालीत, तीच ही वाट. प्लूझानेच्या वाट्याला आलेला तिचा भाग सँत-आनच्या छोट्या पुळणीपासून पश्चिमेकडे देलेकचा किल्ला, मेंगाँचा तटबंदीचा भाग आणि शेवटी पती मिनूचे दीपगृह असा जातो. डाव्या हाताला सतत ‘गुले’ दिसत राहते. ब्रेस्तच्या बंदराचे हे तोंड सर्वांत अरुंद जागी फक्त १.८ किलोमीटर रुंद आहे. फ्रान्सचे नौदल याच वाटेने आत-बाहेर करते, म्हणूनच एवढे किल्ले येथे दाटीने उभे आहेत. वाट चढउताराची आहे. साठीपुढच्या माणसांनी पाणी आणि काठी घेऊन, थांबत थांबत अर्धा दिवस धरावा. पावसानंतर माती घसरडी होते. काही भाग नौदलाच्या ताब्यात आहेत, तेथे पाटी पाहून थांबावे, आणि ड्रोन तर घरूनच आणू नये.

पती मिनूचे दीपगृह खडकावर उभे आहे आणि एका दगडी पुलाने किनाऱ्याशी जोडलेले आहे. आत चढता येत नाही, पण पायथ्यापर्यंत जाता येते. हे दीपगृह आणि ब्रेस्तच्या बाजूचे पोर्त्झिकचे दीपगृह १८४८ मध्ये एकाच वेळी लागले, आणि ती जोडी मुद्दाम केलेली आहे. गुलेच्या मधोमध ‘फियेत’ नावाचे खडक आहेत. समुद्रातून येणाऱ्या नाविकाला दोन्ही दिवे एका रेषेत, एकावर एक दिसत असतील, तर त्याची वाट बरोबर आहे. दिवे एकमेकांपासून सरकू लागले की वाट चुकते आहे. संध्याकाळी तेथे बसून मुलीने मला हे समजावून सांगितले, तेव्हा एक जहाज बरोबर त्या रेषेवरून आत येत होते. वारा सोसून तेथे अंधार पडेपर्यंत थांबावे असे मी आवर्जून सांगेन, फक्त परतीची बस आधी पाहून ठेवा किंवा गावापर्यंत चढावरून चालण्याची तयारी आणि विजेरी जवळ ठेवा.

याच किनाऱ्याशी मुंबईचा एक धागा जुळतो. १८६९ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने ब्रेस्तजवळून अटलांटिकपार तारेची केबल टाकली. ते काम संपल्यावर तेच जहाज हिंदी महासागरात आले आणि १८७० मध्ये त्याने मुंबई ते एडन केबल टाकली. मिनूच्या खडकांवर उभे राहून पश्चिमेकडे पाहताना मला हे आठवत राही.

पोहण्याबाबत थोडक्यात: भर उन्हाळ्यातही पाणी १६–१७ अंशांचे असते आणि मिनूची पुळण लाटांवर फळी चालवणाऱ्यांची आहे. पाय भिजवण्यापुरते जावे.

९. पावसाचे दिवस आणि आसपास

दोन-तीन दिवस पावसात जातील असे धरूनच बेत करा. ब्रेस्तमध्ये पाँफेल्द नदीवरून २०१६ पासून चालणारी केबल कार बस-ट्रामच्याच तिकिटात पलीकडच्या कापूसँ या जुन्या नौदल कार्यशाळांत नेऊन सोडते. तेथल्या झाकलेल्या विस्तीर्ण चौकात ग्रंथालय आहे आणि पावसाची दुपार चांगली जाते. ओशनोपोलिस हे मत्स्यालय शहराच्या पूर्वेला, म्हणजे प्लूझानेच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. त्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवा. ब्रेस्त १९४४ मध्ये जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झाले आणि नंतर सरळ रेषांत पुन्हा बांधले गेले, म्हणून जुनी दगडी गल्ली शोधत फिरू नका. किल्ला आणि त्यातले नौदल संग्रहालय पाहा.

उघाड मिळाली तर पश्चिमेला प्वँत सँ-मात्योला जा. तेथे पडक्या मठाच्या भिंतींतच उभे असलेले १८३५ चे दीपगृह आहे आणि १६३ पायऱ्या चढून वर जाता येते. त्याच्या पुढे ल काँकेहून उएसाँ बेटाची बोट सुटते. वाऱ्याच्या दिवशी ती फार हलते. उलटीची गोळी अर्धा तास आधी घ्या.

१०. परत निघताना

रविवारी किंवा सोमवारी पहाटे निघायचे असेल तर आदल्या दुपारीच टॅक्सी फोनवरून ठरवा. रस्त्यावर हात करून ती मिळत नाही. भाड्याचे घर सोडताना ओला कचरा, काच आणि कागद वेगवेगळ्या डब्यांत टाकून जावे लागते आणि काचेचा डबा पुष्कळदा रस्त्याच्या कोपऱ्यावर असतो, तेव्हा त्यासाठी पंधरा मिनिटे धरा. निवास-प्रमाणपत्र आणि विम्याचा कागद विमानात बसेपर्यंत हाताशी राहू द्या. मिठाचे लोणी घरी न्यायचा मोह झाला, तर ते बर्फाच्या पिशवीसह मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध बांधा.